आमची वरातीची घोडी शर्यतीत धावली

मंडळी, सकाळपासून मी उघड्या डोळ्यानं सपन पाहून राहिली.

आमची मैना वरातीची घोडी. बँड वाजला का नाचते, तिचं कामच ते. मागच्या साली नागरा गावाकडच्या घोड्यायच्या शर्यतीत माझी नात रेणू तिच्यावर बसली. मधातच बँड वाजला आन मैना धावणं सोडून नाचाले लागली! रेणू पडली, खांदा मोडला. लोक हासले, "नवरदेव कुठी आहे वो?"

खांदा जुळला, पण पोरगी घोडीजवळ जाईना. मंग मीच तिले समजावून परत घोडीवर बसवलं, आन मैनाले वाजण्यात धावाची सवय व्हावी म्हणून जेवणाची थाळी घेतली. रोज सकाळी तलावाच्या पाळीवर रेणू मैनाले पळवे, मी थाळी वाजवो. धुक्यात घोडीचे पाय दिसत नव्हते, ढगावर चालल्यावानी वाटे. थाळीले पोचे पडले, सून अजून बोलते. ते जाऊ द्या.

आज धान कापलेल्या शेतातल्या बांधीत शर्यत होती. बँड वाजला. मैनाचे कान हालले, माझा जीव टांगणीले लागला. रेणू तिच्या मानेवर वाकली, काहीतरी बोलली. आन मैना धावली वो, पाखरावानी! तिसरा नंबर आला.

"काय बोलली वं तिले?" मी विचारलं.

"आज्जी, मी म्हटलं, आधी धावू, मंग नाचू."

खरंच, शर्यतीची शेवटची दोरी ओलांडल्याबरोबर रेणूनं लगाम ढिला सोडला होता. मैना पोटभर नाचली. मी बी नाचली.

तुमच्या घरी कोणी असं पडून पुन्हा बसलं का? सांगा न.