फिटरचा दाब्या

फिटरच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार आठ महिने एका बिजागरीवर उभं होतं. उभं आपलं म्हणायचं, लोंबत होतं. वरची बिजागरी चौकटीतून उपटून आली होती. उघडायचं तर आधी दार हातानं वर उचलायचं, मग ओढायचं. घरातल्यांना सवय झाली होती. पाहुण्यांना सांगावं लागे, आणि न सांगितल्यास पाहुण्यांना कळे.

पहिल्याच दिवशी फिटर म्हणाला होता, ‘‘मी करतो.’’ तो ‘करतो’ म्हणाला म्हणजे झालंच, असा घरात पस्तीस वर्षांचा अनुभव होता. म्हणून कोणी सुताराला बोलावलं नाही.

पंपांच्या कारखान्यातून निवृत्त होऊन त्याला सहा वर्षं झाली, तरी गल्ली त्याला फिटरच म्हणायची. कारखान्यात त्याचा एक नियम होता: आधी खूण, मग हात. कुठलंही यंत्र खोलायच्या आधी प्रत्येक जोडाच्या दोन्ही भागांवर पंच, म्हणजे टोकदार पोलादी सळी, ठेवून हातोडीनं एकेक ठिपका मारायचा, म्हणजे जोडताना ठिपक्याला ठिपका येतो आणि डोकं चालवावं लागत नाही. नव्यानं आलेल्या प्रत्येकाला त्यानं हे शिकवलं. न ऐकणाऱ्याला पुन्हा शिकवलं. हा माणूस जेवणाचा डबासुद्धा झाकणावर खूण करून उघडत असेल, असं लोक म्हणायचे. तो म्हणायचा, ‘‘डब्याचं झाकण उलटं बसलं तर पंप बंद पडत नाही.’’

आणि आता त्याला स्क्रू आवळता येत नव्हता.

न्हाणीघरात पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, छान जुळलंय, चहाचा कप उचलता येईल. कप उचलता आला. पण मनगट फिरेना. पिळायचं म्हटलं की अर्ध्यावर अडकायचं, गंजलेल्या नळासारखं. कुलपात किल्ली फिरवायला लागू नये म्हणून तो घरातून सगळ्यांच्या आधी बाहेर पडू लागला. पायात चप्पल सरकवायची आणि जिन्यात जाऊन उभं राहायचं. मनगटाबद्दल तो कोणाशी बोलला नाही. कोणी त्याच्याशी बोललं नाही.

मुलीनं विजेवर चालणारा स्क्रू ड्रायव्हर आणून दिला. त्यानं खोका उघडून पाहिला.

‘‘यात मी काय करायचं?’’

‘‘बटण दाबायचं, बाबा. बाकी सगळं तोच करतो.’’

‘‘मग त्यालाच द्यायचा होतास.’’

खोका त्याच कपाटावर गेला. दार लोंबतच राहिलं.

एका सोमवारी बायको चहा ठेवता ठेवता म्हणाली, ‘‘रविवारी भाचा येतोय. दाराचं बघेल.’’

भाचा म्हणजे तिच्या बहिणीचा मुलगा. सुतार होता, आणि चांगला होता, हेच फिटरला अवघड गेलं. वाईट असता तर नाही म्हणता आलं असतं.

‘‘मी करतो म्हटलंय ना?’’

‘‘म्हटलंय की. आठ महिने म्हणताय. रविवारपर्यंत करा, नाहीतर तो करेल. माझा खांदा गेला दार उचलून उचलून.’’

ती तीस वर्षं कपडे शिवायच्या कारखान्यात उभ्यानं कापड कापायची. एकदा आखलेली रेघ ती बदलत नसे. फिटरनं चहा घेतला आणि चप्पल घालून जिन्यात गेला. या घरातला स्क्रू दुसऱ्यानं आवळला की आपण खरंच निवृत्त झालो, असं त्याला तिथं उभं राहून वाटलं. सहा वर्षांपूर्वी हारतुरे झाले तेव्हा तसं वाटलं नव्हतं. तेव्हा फक्त पाय दुखले होते.

चालत चालत तो जुन्या बाजारात गेला. बिनकामाचा माणूस जिथं जातो तिथं तोही जाई. भंगारवाल्याच्या पाटीत कुकरच्या शिट्ट्या आणि सायकलचे पॅडल यांच्याखाली त्याला एक लाकडी मूठ दिसली. त्यानं ती ओढली. गंजानं लाल झालेला, वीतभर लांबीचा, जाडजूड मुठीचा एक स्क्रू ड्रायव्हर निघाला.

कारखान्यात याला दाब्या म्हणत. याला पिळायचं नसतं. टोक स्क्रूवर ठेवून मूठ खाली दाबायची; आतल्या दांड्यावर मळसूत्रासारख्या खाचा असतात, त्यांच्यामुळे टोक आपोआप फिरतं. सोडलं की स्प्रिंग मूठ परत वर ढकलते. मूठ पोकळ, आणि तिच्यात निरनिराळी टोकं ठेवलेली, म्हणजे बिटं. फिटरनं तो तळहातावर तोलला. दाबायला खांदा लागतो, कोपर लागतो. मनगट लागत नाही.

‘‘मेलाय तो, काका,’’ भंगारवाला म्हणाला. ‘‘दबत नाही, उघडत नाही. आत काहीतरी खुळखुळतंय, एवढंच.’’

‘‘खुळखुळतंय म्हणजे आतून सुका आहे.’’

‘‘म्हणजे चांगला आहे?’’

‘‘म्हणजे तुझ्या उपयोगाचा नाही.’’

भंगारवाल्यानं तो वजनावर दिला आणि आपण फसलो की काय अशा नजरेनं त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिला.

मंगळवारी फिटरनं दाब्या रॉकेलमध्ये बुडवला आणि बाजूला बसून राहिला. लोकांना वाटतं, गंज रॉकेल काढतं. गंज वेळ काढते. घाई करणारा पकड लावतो, पकड दात उमटवते, आणि मग ते दात जन्मभर दिसतात. बुधवारी संध्याकाळी त्यानं मुठीच्या टोपणाला चामड्याचा तुकडा गुंडाळला, डाव्या हातानं धरलं, दाब्याच गुडघ्यांत आवळला आणि अख्खं अंग फिरवलं. तिसऱ्या खेपेला टोपण करकरलं. आत आठ घरं होती आणि पाच बिटं. त्यांतलं एक कोणीतरी घासून घासून सुईसारखं केलं होतं.

‘‘यानं डबे फोडले असतील,’’ फिटर म्हणाला. त्या माणसाचं तोंड त्यानं कधी पाहिलं नव्हतं, तरी त्याला तो पुढचे दोन दिवस शिव्या देत होता.

गुरुवारी दाब्या खोलायचा होता. फिटरनं टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, पंच काढला, हातोडी काढली. दाब्याच्या गळ्यात एक पोलादी कडं असतं आणि त्यावर एक खटका. खटका पुढे केला की दाब्या स्क्रू आवळतो, मागे केला की सोडवतो, मध्ये ठेवला की नुसता अडकून राहतो. कडं दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं. म्हणजे खूण हवीच.

त्यानं डाव्या हातानं पंच कड्यावर टेकवला आणि उजव्या हातानं हातोडी उचलली. मनगटानं तिला झोका दिला नाही. हातोडी पंचाच्या शेजारून जाऊन अंगठ्याच्या नखाला चाटून गेली. त्यानं पुन्हा उचलली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यानं उचलली नाही.

हातोडी आणि पंच त्यानं खोक्यात ठेवले. कडं कसं बसलंय ते डोळ्यांनी नीट पाहून घेतलं. एवढं तर लक्षात राहील, असं तो मनाशी म्हणाला. हे वाक्य कारखान्यात ज्यानं ज्यानं त्याच्यासमोर उच्चारलं होतं, त्याची त्यानं बिनपाण्यानं केली होती.

मग तो रॉकेलचा डबा आणायला गॅलरीत गेला. परत आला तेव्हा बायको टेबलाशी उभी होती. ती आत गेली. दाब्यावर कसलीशी पांढरी पूड लागलेली दिसली. फिटरनं ती फडक्यानं स्वच्छ पुसली आणि कामाला लागला.

शुक्रवारचा सगळा दिवस खाचा साफ करण्यात गेला. त्यानं सुतळी रॉकेलमध्ये भिजवली, तिला विटेची वस्त्रगाळ पूड लावली, ती खाचेत बसवून एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं आणि दाब्याच्या दांड्यालाच मागे-पुढे करत राहिला. एका खाचेला दीडशे ओढी. दोन खाचा. सुतळ्या सहा गेल्या. पॉलिश पेपरनं हे काम अर्ध्या तासात झालं असतं आणि खाचांच्या कडाही गेल्या असत्या. मुठीचं लाकूड काचेच्या तुकड्यानं खरवडून त्यानं त्यावर तीन वेळा जवसाचं तेल चोळलं.

शनिवारी सकाळी त्यानं सगळं जोडलं. कडं बसवताना क्षणभर थांबला. मग बसवलं. बिट लावलं, टोक लाकडी फळीवर टेकवून मूठ दाबली. सर्रकन खाली गेली, बिट फिरलं, मूठ वर आली. त्याचा जीव भांड्यात पडला. बिट कुठल्या दिशेला फिरलं ते तो पाहणारच होता, इतक्यात बाहेरचं दार वाजलं.

‘‘उद्या येणार होतास ना तू?’’ बायकोचा आवाज आला.

‘‘इकडेच काम निघालं, मावशी. म्हटलं दाराचं उरकून जावं. पाच मिनिटांचं काम.’’

भाचा हत्यारांची पिशवी घेऊन स्वयंपाकघरात आला. पाच मिनिटांचं काम हे शब्द फिटरनंही ऐकले. तो दाब्या घेऊन कपाटासमोर जाऊन उभा राहिला.

‘‘तू बस,’’ तो म्हणाला. ‘‘चहा घे.’’

‘‘काय सुंदर हत्यार आहे हो काका! कुठं मिळालं?’’

‘‘मिळालं नाही. झालं.’’

आधी खालची बिजागरी पक्की करायची, कारण सगळा भार तिच्यावर, मग वरची. हे बरोबरच होतं. खालच्या बिजागरीचा एक स्क्रू जरासा सैल होता. फिटरनं खटका पुढे केला, टोक स्क्रूवर ठेवलं, डाव्या हातानं नेम धरला आणि खांद्याचा भार दिला. दाब्या सर्रकन फिरला. स्क्रू आणखी सैल झाला. आणखी तीन वेळा दाबलं. स्क्रू बाहेर आला आणि जमिनीवर पडला.

‘‘भोक मोठं झालंय,’’ फिटर अधिकारवाणीनं म्हणाला.

‘‘हो काका, होतं तसं,’’ भाचा म्हणाला.

तो दुसऱ्या स्क्रूकडे वळला. तोही बाहेर आला.

‘‘हेही मोठं झालंय,’’ फिटर म्हणाला.

या वेळी भाचा कप खाली ठेवून हळूच उठला. तिसरा स्क्रू उरला होता, आणि अख्खं दार त्याच्यावर होतं. फिटरनं तिसऱ्यावर टोक ठेवून मूठ दाबली. दार सुटलं. भाच्यानं ते हवेतच पकडलं, नाहीतर फिटरच्या पायावर आलं असतं. विजेच्या स्क्रू ड्रायव्हरचा खोका वरून घरंगळला आणि ओट्याजवळ जाऊन पडला.

फिटरनं दाब्या डोळ्यांजवळ नेला. खटका पाहिला. कडं पाहिलं.

‘‘उलटं बसलंय,’’ तो म्हणाला.

‘‘मी खूण केली होती,’’ दारातून बायको म्हणाली. ‘‘कड्यावर एक रेघ, दांड्यावर एक रेघ. तुम्ही पुसलीत.’’

‘‘ती खूण होती?’’

‘‘मग काय रांगोळी होती?’’

‘‘कशानं केलीस?’’

‘‘खडूनं. कापड आखायच्या.’’

‘‘लोखंडावर खडूनं खूण करतात?’’

‘‘ज्याला पंच मारता येत नाही त्याच्या घरात करतात.’’

भाचा दार धरून उभा होता. त्याला ते खाली ठेवायचं होतं, पण ही वेळ नाही हे त्याला कळत होतं.

फिटर दाब्याकडे पाहत राहिला. मग, पंपाची तक्रार नोंदवावी तशा आवाजात म्हणाला, ‘‘उजवं मनगट फिरत नाही. पिळता येत नाही. हातोडी नीट मारता येत नाही. आठ महिने झाले.’’

‘‘नऊ,’’ बायको म्हणाली. ‘‘किल्ली फिरवायला लागू नये म्हणून जिन्यात जाऊन उभे राहता, ते काय मला दिसत नाही?’’

‘‘मग बोलली नाहीस?’’

‘‘तुम्ही ‘करतो’ म्हणाला होतात ना.’’

फिटरनं मान हलवली. खटका मागे ओढला. कडं उलटं, म्हणजे खटकाही उलटा. मागे म्हणजे आता आवळणं. फळीवर दाबून या वेळी त्यानं बिट कुठल्या दिशेला फिरतंय ते पाहिलं. दोनदा पाहिलं.

‘‘दार वर कर,’’ तो भाच्याला म्हणाला. ‘‘एवढं नको. खाली. आता हलू नकोस.’’

‘‘काका, माझं मशीन आहे पिशवीत—’’

‘‘तुझं काम दार धरायचं आहे. ते चांगलं करतोयस.’’

वरच्या बिजागरीची तिन्ही भोकं खरोखरच मोठी झाली होती. तिथं त्यानं बायकोकडून काड्यापेटी मागून घेतली, काड्यांना डिंक लावून त्या ठोकून बसवल्या, बाहेर उरलेली टोकं तोडली. ठोकायला भाच्याचा हात वापरला. दार तेवढा वेळ बायकोनं धरलं, दुखऱ्या खांद्यानं. मग फिटरनं एकेक स्क्रू लावला. खांदा, कोपर, सर्रकन खाली, स्प्रिंगनं वर. सहा स्क्रू. शेवटच्या स्क्रूला मूठ जागीच थांबली, पुढे जाईना. स्क्रू बसला म्हणजे हात असाच थांबतो, हे फिटरला माहीत होतं. हातालाही माहीत होतं.

‘‘मला एकदा द्या ना,’’ भाचा म्हणाला. त्यानं दाब्या घेतला, सवयीनं खटका पुढे केला आणि वरचा स्क्रू दाबला. स्क्रू दोन आटे बाहेर आला.

‘‘आण इकडे,’’ फिटर म्हणाला.

भाचा चहा पिऊन गेला. जाताना म्हणाला, दाब्या असाच उलटा राहू द्या काका, कोणी उसना मागणार नाही. फिटरला ही कल्पना रात्रभर आवडली.

पण रविवारी सकाळी त्यानं टेबलावर पुन्हा वर्तमानपत्र पसरलं. दाब्या खोलला, कडं बरोबर बसवलं. बायकोनं आठवण करायच्या आत त्यानं पंच डाव्या हातात धरून कड्यावर टेकवला आणि तिला हाक मारली.

‘‘हातोडी घे.’’

‘‘मी?’’

‘‘तीस वर्षं रेघेवरनं कात्री चालवलीस. हा एक ठिपका आहे.’’

तिनं हातोडी घेतली, पंचाकडे पाहिलं, मग त्याच्या बोटांकडे पाहिलं.

‘‘बोटाला लागलं तर?’’

‘‘हात माझा आहे. तू पंच बघ.’’

तिनं मारली. एकच, सरळ. मग दांड्यावर दुसरी. दोन ठिपके, समोरासमोर. फिटरनं भिंग घेऊन ते तपासले आणि काही बोलला नाही. बोलायला काही सापडलं असतं तर बोलला असता.

ती चहाची पावडर काढायला कपाटाकडे गेली. सवयीनं दार वर उचललं. ते उचललं जाईना. तिनं जोर लावला.

‘‘अगं, नुसतं ओढ,’’ टेबलावरून फिटर म्हणाला.