पाच वेळा आलेला तोच आकडा

"पुन्हा एकदा रन कर," वसुधाक्का म्हणाल्या. माझ्या स्क्रीनवरच्या ग्राफकडे बघत त्या उभ्याच होत्या.

"पाच वेळा केलंय, अक्का. पाचही वेळा तोच आकडा."

"मेमरीच्या टेस्टला आपली चिप निम्मी पडते? कसं शक्य आहे? स्वल्प, जरा बोर्ड उघडून बघू दे मला."

"ते चालणार नाही. तुम्हाला माहीत आहे."

बेंगळुरूत हेब्बाळच्या आमच्या ऑफिसात मी परफॉर्मन्स इंजिनियर आहे. प्रोसेसर बनवत नाही, बनलेले मोजतो. एकच काम दोन प्रोसेसरना द्यायचं आणि कोणाला किती वेळ लागला, कोणी किती वीज खाल्ली, ते लिहायचं. याला बेंचमार्क म्हणतात. त्या वेळी टेबलावर बंद खोक्यांत बसवलेले दोन बोर्ड होते. एकावर बाजारात विकत मिळणारा प्रोसेसर, दुसऱ्यावर आमच्याच कंपनीत तयार झालेला. आमच्या मशीनच्या पुढच्या मॉडेलमध्ये कुठला बसवायचा, हे माझ्या रिपोर्टनंतर ठरणार होतं. आमचा हरला तर तो बनवणाऱ्या एकोणीस जणांना काम उरणार नव्हतं. वसुधाक्का त्या टीमच्या प्रमुख.

त्या मल्लेश्वरमच्या. घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरूतलं, मराठीत निम्मी कन्नड मिसळलेली. मी निपाणीचा. ऑफिसात मराठीत बोलायला आम्ही दोघंच. मी नवा होतो तेव्हा प्रोसेसरच्या आत काय चालतं, हे त्यांनीच मला कॅंटीनमध्ये पेपर नॅपकिनवर काढून शिकवलं होतं. म्हणूनच या वेळी मी जास्त कडक होतो. ओळखीपायी झुकला, असं कोणी म्हणायला नको. नियम माझाच होता: ज्यांची चिप, त्यांनी बोर्डाला हात लावायचा नाही.

"सरी, ठीक आहे," म्हणून त्या गेल्या.

शुक्रवारी रिव्ह्यू झाला. मेनन सर आमचे डायरेक्टर.

"आधा? पक्का?" त्यांनी विचारलं.

"येस सर."

"सेटअपमध्ये काहीतरी चुकलंय," वसुधाक्का म्हणाल्या. "आम्हाला दोन दिवस द्या."

सरांनी माझ्याकडे बघितलं.

"सेटअप बरोबर आहे," मी म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं.

दहा दिवसांत प्रोजेक्ट बंद झाला. दोघांना दुसऱ्या टीममध्ये घेतलं. बाकीच्यांना एचआरने एकेक करून केबिनमध्ये बोलावलं. वसुधाक्कांनी लॅपटॉप जमा केला आणि माझ्या टेबलाकडे न बघता लिफ्टकडे गेल्या.

तीन आठवड्यांनी, स्टोअरमध्ये पाठवायचा म्हणून, मी आमच्या चिपचा बोर्ड उघडला. मेमरीच्या पट्ट्या काढायला हात घातला आणि तसाच थांबलो.

त्या बोर्डावर मेमरीचे चार स्लॉट आहेत. प्रोसेसरपासून मेमरीकडे दोन वाटा जातात आणि प्रत्येक वाटेवर दोन स्लॉट. पट्ट्या दोनच असतील तर दोन वाटांवर एकेक लावायची, म्हणजे दोन्हीकडून डेटा येतो. माझ्या दोन्ही पट्ट्या एकाच वाटेवर होत्या. दुसरी वाट रिकामी, म्हणून वेग निम्मा. अशा वेळी मशीन तक्रार करत नाही. मेमरी किती, विचारलं तर पूर्ण दाखवतं. मी तेवढंच तपासलं होतं. टेस्टच्या आदल्या आठवड्यात दुसऱ्या एका मशीनसाठी मी यातली एक पट्टी नेली होती. परत आणून लावताना शेजारच्या स्लॉटमध्ये लावली. मीच. मग पाच काय, पन्नास वेळा रन केलं असतं तरी तोच आकडा आला असता.

पट्टी हलवली. सगळ्या टेस्ट पुन्हा लावल्या. मेमरीच्या कामात आमची चिप किंचित पुढे होती, आकडेमोडीत थोडी मागे, आणि वीज कमी खात होती.

मेनन सरांनी नवा ग्राफ नीट बघितला. "डिसिजन फक्त तुझ्या स्लाइडवर नव्हता," ते म्हणाले.

"करेक्टेड रिपोर्ट पाठवू, सर?"

"कोणाला? बाहेरच्या प्रोसेसरची ऑर्डर देऊन झाली. टीम राहिली नाही."

"रेकॉर्डसाठी."

"पाठव."

पाठवला. कोणाचंही उत्तर आलं नाही.

रविवारी मल्लेश्वरमला गेलो. वसुधाक्कांनी आत बसवलं. मी सगळं सांगितलं.

"कुठल्या स्लॉटमध्ये होती?"

मी सांगितलं.

"मी बघितलं असतं तर लगेच दिसलं असतं."

"हो."

"मागितला होता मी बोर्ड."

"हो, अक्का."

मी नेलेले आकडे त्यांनी चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवत वाचले. मग कागदाची घडी घातली.

"हा राहू दे माझ्याकडे. टीमला दाखवते. त्यांना अजून वाटतंय, आपल्याच डिझाइनमध्ये चूक होती. टीममधली मंजुळा तर दुसरीकडच्या इंटरव्ह्यूतही तसंच सांगून आली."

घडी त्यांनी चष्म्याच्या घराखाली ठेवली.

"नीघ तू आता," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. दारापर्यंत मात्र आल्या नाहीत.

त्यानंतर आमचं बोलणं झालेलं नाही.

आता कुठलीही तुलना सुरू करण्याआधी मी दोन्ही बाजूंच्या लोकांना बोलावतो, त्यांच्यासमोर बोर्ड उघडतो आणि सगळं बघून झालं की सह्या घेतो. दहा मिनिटं जातात. कधी कोणी वैतागून विचारतं, आमच्यावर भरवसा नाही का?

तुमच्यावर आहे, मी सांगतो. माझ्यावर नाही.