मोठ्या भावाचं रक्त

डॉक्टर नसीमबाईंनी ‘माशाल्ला’ म्हटलं, की समोरच्याने आपला कागद गुपचूप परत घ्यावा, हे केनवडच्या दवाखान्यात शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. मी तिथे कारकून. औषधसाठ्याचा माझा पहिलाच तक्ता पाहून त्या म्हणाल्या होत्या, “माशाल्ला, बेरीज अचूक आहे. औषधं तेवढी नाहीत.”

वाशीमच्या कापडवाल्याची ही मुलगी नागपुरात डॉक्टर होऊन खेड्यात का आली, असं लोक विचारत. त्या सांगत, “अब्बा म्हणाले, गिऱ्हाइकाशी असं बोललीस तर दुकान बुडेल. सरकारी दवाखान्यात ती भीती नाही.”

‘सिकलसेल’ हा शब्द सत्तरच्या दशकात आम्ही त्यांच्याच तोंडून ऐकला. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि पोर गुडघे धरून किंचाळतं. रिठदला अशी पोरं होती. गावात त्याला वात म्हणत. बाईंनी वरती योजना पाठवली: घरोघरचं रक्त तपासायचं, आजारी पोरांना नेमाने गोळ्या द्यायच्या आणि दुखणं कमी होतं का, ते काही वर्षं पाहत राहायचं. वरच्यांनी उदार मनाने पहिला भाग मंजूर केला. रोगी सापडले, तर गोळ्यांचं पाहू म्हणाले.

जीप आली, काळ्या चष्म्याचे साहेब आले, घरटी एक पोर बोलावून दंडातून रक्त काढलं गेलं. काही आठवड्यांनी निकाल आला. दोष अंगात असूनही स्वतः धडधाकट असलेले वाहक पुष्कळ. रोगी एकही नाही.

साहेब आमच्याकडे चहा पीत म्हणाले, “या भागात दोष आहे, रोग नाही. उपचारावर खर्च कशाला?”

“माशाल्ला,” बाई म्हणाल्या. मी लेखणी खाली ठेवली. “म्हणजे इथले आईबाप दोष जपून ठेवतात आणि पोरांना द्यायचा विसरतात.”

मला राहवलं नाही. “साहेब, आईबाप दोघंही वाहक असले तर सरासरीने चार पोरांत एक आजारी निघायला हवं. हिशेब बसत नाही.”

“तुम्ही कारकून ना?”

“हो.”

“मग झालं.”

दुसऱ्या दिवशी बाई मला घेऊन एसटीने रिठदला गेल्या. पहिलंच घर शेवंताबाईचं. ती मजुरीला जाणारी. तिचं पोर तपासणीत ठणठणीत निघालेलं. आत खाटेवर मात्र तिचा धाकटा, सिद्धार्थ, पडला होता. डोळे हळदीसारखे, गुडघा छातीशी.

“याचं रक्त नाई दिलं?” बाईंनी विचारलं.

“अवो बाई, याच्या अंगात रगत हायच कुठी? तेवढंबी तुमी नेलं तं त्याले उरंन काय? म्हून मोठ्याले पाठोलं. त्याच्यापाशी मस्त हाय!”

दारातल्या बायांनी माना डोलावल्या. ज्यांच्या घरी दुखणाईत पोर होतं, त्या सगळ्यांनी हाच शहाणपणा केला होता.

परतताना बाई म्हणाल्या, “जीपभर डिग्र्या आल्या, पण घरात डोकावलं कुणी? त्यात माझीही एक.”

त्यांनी क्रम उलटा केला. आधी बाजाराच्या दिवशी दवाखान्यात गोळ्या, हिवतापाचं औषध, भरपूर पाणी पाजायची ताकीद, रक्त मागाहून. साहेब कडाडले, “संशोधन रक्तापासून सुरू होतं!”

“रक्त कुठे जात नाही, साहेब. पोर जातं.”

काही महिन्यांनी सिद्धार्थ आईच्या मागे चालत बाजारात आला. शेवंताबाईने त्याची बाही स्वतः वर केली. “घ्या. पन बेतानं.” तिचं पाहून बाकीच्या आल्या. रोगी कागदावर आले, योजना पुरी मंजूर झाली. छापील अहवालावर नाव साहेबांचं. नसीमबाई आभारांत होत्या, जीपच्या ड्रायव्हरच्याही खाली. आणि एवढ्याने कृतज्ञता संपू नये म्हणून त्यांची बदली झाली.

जायच्या दिवशी शेवंताबाई पोराला घेऊन आली. “तुमी चाल्ल्या, आता याले कोन पाहीन वो?”

बाईंनी सिद्धार्थला टेबलावर निजवलं, शेवंताबाईचा हात धरून त्याच्या डाव्या बरगडीखाली दाबला. पाणथरी म्हणजे प्लीहा वाढली तर हाताला कशी लागते, पापणी ओढून काय पाहायचं, कोणत्या तापात घटकाभरही थांबायचं नाही, सगळं तिच्याकडून पुनःपुन्हा म्हणवून घेतलं. बाहेर एसटीचा कंडक्टर घंटी वाजवत होता.

“आता तूच याची डॉक्टरीण,” बाई म्हणाल्या. “तुही बदली कोन करते, पाहू!”

पुढच्या बाजाराला नवे डॉक्टर खुर्चीत बसले होते. रांगेत शेवंताबाई दुसऱ्याच कुणाच्या पोराची पापणी ओढून त्याच्या आईवर ओरडत होती, “इतका उशीर कायले केला वो? चाल, पुढं हो!” नव्या डॉक्टरांनी मला खुणेने विचारलं, या कोण?

मी म्हणालो, “या म्हणतील ते पोर आधी बघा.”