डब्याखालचा रंग

आमच्या सावेडीच्या बंगल्यात दोनच जुन्या वस्तू आहेत, असं बायको म्हणते : मी आणि माझी मोटार. वडिलांची ही मोटार आता पन्नाशी ओलांडून गेली. तिचं सगळं व्यवस्थित आहे, फक्त कधीकधी ती चालत नाही.

दसऱ्याला तिची पूजा केली, झेंडूचा हार घातला आणि दुसऱ्याच दिवशी ती भर बाजारात बसली. बॅटरी उतरली होती. बायकोने पदर खोचून मागून ढकलली आणि घरी आल्यावर निकाल दिला, "भाऊबीजेला मी माहेरी राजूरला याच गाडीतून जाणार. वाटेत ढकलायला लावलीत, तर ही विकायची. पुन्हा विषय नाही." विकायची कशी? वडिलांनी मला हिच्यावरच गाडी शिकवली होती.

लागलो कामाला. बॅटरी चार्ज करून आणली की गाडी सुरू व्हायची, पण डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा काही विझेना. एरवी इंजिनाने जरा वेग घेतला की तो जातो. आता रेस दिली की मेला आणखीच उजळायचा. डायनॅमो फिरवणारा पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला, ताठ होता. डायनॅमो काढून इलेक्ट्रिशियनकडे नेला. "साहेब, ह्यो टकाटक हाय," म्हणून त्याने परत दिला. वायरी तपासल्या, टर्मिनल घासले. घरात चकल्या तळून झाल्या, तरी मी बॉनेटमध्येच.

शेवटी उरला रेग्युलेटर, म्हणजे डायनॅमोची वीज बॅटरीत किती जायची ते ठरवणारा काळा डबा. इंजिन चालू ठेवून बायकोला सीटवर बसवलं आणि दिव्याकडे बघायला सांगितलं. एका वायरचं एक टोक बॅटरीच्या अर्थिंगला लावलं, दुसरं डब्याच्या पत्र्याला टेकवलं.

"अहो, गेला!" ती ओरडली.

वायर काढली. "आला!" पुन्हा टेकवली. "गेला, गेला!"

म्हणजे डब्याला गाडीच्या बॉडीचं अर्थिंगच मिळत नव्हतं. स्क्रू काढून डबा उचलला, तर खाली आमच्या गेटचा हिरवा रंग, चांगला जाड. त्यातून वीज जाणार कशी? इंजिनमागचा पत्रा हिरवा झालेला मला दिसला होता, पण दसऱ्याआधी गेट रंगवणाऱ्या पेंटरने उरलेला रंग मारला असेल म्हणून मी सोडून दिलं होतं.

"डब्याखाली रंग मारायची अक्कल त्याला शिकवली कोणी?" मी तडकलो.

"मी," ती म्हणाली. "डबा उचलून मार म्हटलं. तिथं गंज धरला होता. वरून हार घालायचा आणि आत गंज ठेवायचा?"

मला वाटत होतं, हिला ही गाडी डोळ्यासमोर नको. आणि ही माझ्या माघारी बॉनेट उघडून गंज शोधत होती! राग कुठल्या कुठे पळाला. पॉलिशपेपरने तेवढाच रंग खरवडला, डबा घट्ट बसवला आणि दिवा विझला.

भाऊबीजेला राजूरपर्यंत गाडी एकदाही कुरकुरली नाही. मेहुणा दारात दोर घेऊनच उभा होता.

"दाजी, ट्रॅक्टर काढूनच ठेवला हुता आमी," तो हसत म्हणाला. "ताई, कवा इकताय हे धूड?"

मी बायकोकडे बघितलं. तिने फराळाचा डबा त्याच्या हातात दिला.

"आधी तो दोर गुंडाळ," ती म्हणाली. "ह्या गाडीला नावं ठेवायची तर ती मी ठेवीन. दुसऱ्या कुनी न्हाई."