लान्स नाईक मदन पाटीदार आणि नदीकाठची वस्ती

आमच्या फ्लॅटांच्या मल्टीत पुण्याहून नोकरीसाठी आलेली मुलं विचारतात, "काका, बॉर्डरवर लोक फौजेला मान देत असतील ना?"

आम्हाला बघून थुंकत होते.

मी तेव्हा हवालदार होतो. कंपनी ईशान्य सीमेवर, डोंगरातल्या नदीकाठी. त्या मुलखाला वेगळा देश हवा म्हणून हत्यारबंद टोळ्या लढत होत्या. पोस्टच्या खाली बिहारी गवळ्यांची वस्ती. त्यांच्या आजोबांनी जंगल तोडून तिथे घरं बांधलेली. टोळीवाले त्यांना उपरे म्हणत. फौजेला दूध विकलं म्हणून एकाला त्यांनी मारलंही होतं. आणि टोळीला जेवू घातल्याच्या संशयावरून आमच्या आधीच्या युनिटने याच वस्तीतले पुरुष उचलून नेले होते.

त्यामुळे आमचं गस्तीचं पेट्रोल आलं की दारं लागायची. फुलमती नावाची विधवा तेवढी बाहेर उभी राहून वाटेवर थुंकायची.

लान्स नाईक मदन पाटीदार माझ्या सेक्शनमधला, इकडचाच, देपालपूरकडचा. घरी म्हशी. तो तिला रोज "राम राम, काकी" म्हणायचा.

मी म्हणायचो, "मदन भिया, छोड ना. ती ओ देणार नाही."

"न दे, उस्ताद. मुझे तो कहना है."

मग वस्ती रिकामी करून लोकांना नदीपलीकडच्या कॅम्पात न्यायची ऑर्डर आली. कंपनी कमांडर म्हणाले, "फक्त माणसं. जनावरं नाहीत."

फुलमती गोठ्यासमोर बसली. "तुम लोग तो बदली पर चले जाओगे. हम गाय छोड़के कहाँ जाएँ?"

दोन जवानांनी तिला दंडाला धरून काठावर नेलं.

शेवटची नाव भरत होती. बांबूच्या उतारावरून फायर आला. सगळे आडवे झाले. फुलमती मात्र उठून गोठ्याकडे पळाली, आणि तिच्यामागे मदन.

मी रेडिओवर ओरडलो, "मदन, वापस आ. ओव्हर."

"गाय खोल रहा हूँ. काकी साथ में है. कव्हर दो."

आम्ही कव्हर दिलं. गाई उधळत बाहेर पडल्या. त्यांच्या आडोशाने फुलमती आली. मदन आला नाही.

त्याला छातीत गोळी लागली होती. फायर थांबेना, म्हणून हेलिकॉप्टर उतरू शकलं नाही. नदीकाठच्या वाळूतच तो गेला.

ताडपत्रीत गुंडाळून त्याला त्याच नावेतून नेलं. वस्तीतला एक म्हातारा आमच्याकडे बघून म्हणाला, "तुम न आते तो गोली भी न चलती." त्याला कुणी गप्प केलं नाही. फुलमती आमच्याकडे पाठ करून बसली होती. त्या वेळी माझ्या मनात जे आलं ते सांगण्यासारखं नाही.

पलीकडच्या काठावर तिथले गावकरी दगड घेऊन उभे होते. त्यांना हे बिहारी नको होते. पहिला दगड आला तेव्हा आम्ही वस्तीवाल्यांच्या पुढे उभे राहिलो. हेल्मेटांवर दगड झेलत त्यांना कॅम्पात पोचवलं. वस्तीवाले मागे न बघता आत गेले.

मदनला घेऊन मीच त्याच्या गावी आलो. एका बाईच्या मागे जाऊन तो गेला, एवढं घरी कळलं होतं. अग्नी दिल्यावर त्याच्या वडिलांनी मला बाजूला घेतलं.

"वो औरत बची?"

"बची, बाबूजी."

"उन लोगों ने मदन का नाम पूछा?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हणालो, "नहीं."

त्यांनी चितेत एक लाकूड सारलं. मग म्हणाले, "तो तुम बता दिया करो. कोई पूछे, न पूछे."

म्हणून सांगतो. लान्स नाईक मदन पाटीदार.