गाडी सकाळी सुरू होत नव्हती

धाकटा भाऊ मे महिन्यात गेला. तलासरीच्या अलीकडे हायवेवर, मोटारसायकलवरून. त्याचं दिवसकार्य आटोपलं तसे बाबा रोज सकाळी गाडी काढून तिथे जायला लागले. डहाणूहून गंजाडमार्गे हायवेला लागायचं, मग उत्तरेला वळायचं, आणि जागा आली की गाडी कडेला लावून रस्ता ओलांडायचा आणि दुभाजकावर जाऊन उभं राहायचं. किती वेळ, ते मी कधी विचारलं नाही. तिथे काय करता, हेही नाही. त्या दिवसांत मी कुणाला काहीच विचारत नसे.

बाबांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली होती. मी म्हटलं, मी नेतो. ते म्हणाले, "मी माझा जाईन." विषय संपला. आमच्या घरात विषय असेच संपतात.

माझी नोकरी तलासरीला, शाळेत. येता-जाता बस त्याच जागेवरून जायची. ती जागा जवळ आली की मी मोबाइलमध्ये डोकं घालायचो. दुःख व्हायचं म्हणून नव्हे. काहीच व्हायचं नाही, आणि ते बघायची इच्छा नव्हती. लोक म्हणायचे, रड, मोकळा हो. जणू नळ माझ्या हातात होता आणि मीच तो हट्टाने बंद ठेवला होता.

दिवाळीच्या आसपास हायवेवरच्या एका ढाबेवाल्याचा घरी फोन आला. ओळखीचा होता, भाऊ त्याच्याकडे चहाला थांबायचा. फोन आईने घेतला. बाबा रस्ता ओलांडत असताना ट्रकने करकचून ब्रेक मारला होता. ट्रकवाला खाली उतरून शिव्या देत होता आणि बाबा नुसते उभे होते. "काकी, त्यांना सांभाळा," एवढंच तो म्हणाला. आईने फोन ठेवला आणि वालाच्या शेंगा सोलायला बसली. बाबा आले तेव्हा तिने त्यांना वाढलं. दुसऱ्या दिवशी बाबा परत गेले.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत गाडी सकाळी सुरू होईनाशी झाली.

किल्ली फिरवली की बॉनेटखाली एक 'टक' व्हायचं, बस. बाबा आत यायचे, किल्ली खिळ्याला लावायचे आणि म्हणायचे, "आजही नाही. बघ जरा." मी बघायचो. संध्याकाळी शाळेतून आल्यावर शेजाऱ्यांच्या गाडीवरून वायर लावून सुरू करायचो, हायवेपर्यंत फिरवून आणायचो, बॅटरी भरायची. सकाळी परत 'टक'.

आता कुणी विचारेल की ज्या गाडीमुळे बापाचा जीव जायची वेळ आली होती, ती दुरुस्त करायला तू कशाला झटत होतास? बरोबर आहे. पण त्या घरात मला कुणी काही काम सांगत होतं ते एवढंच. बाबा "बघ जरा" म्हणायचे आणि मी बघायचो. बॅटरी का उतरते याला उत्तर असतं, आणि उत्तर असलेली एकही दुसरी गोष्ट माझ्याजवळ नव्हती.

आधी बॅटरीच बदलली. जुनी झाली होतीच. नवी पहिल्याच रात्रीत झोपली. मग तलासरी नाक्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडे गेलो. तो तोंडाचा फटकळ, निम्मं मराठी, निम्मं गुजराती. म्हणाला, "लाइट चालू राहती असेल."

"नाही राहत. सगळी बटणं मी स्वतः बघतो, बंद असतात."

"तर पछी करंट खातंय कोण?"

त्याने बॅटरीची एक वायर काढून मध्ये मीटर लावला. गाडी बंद असताना किती करंट जातोय ते त्यावर दिसतं. घड्याळापुरता जात होता, तेवढाच. मग आम्ही एकेक फ्यूज काढून पाहिला. हॉर्न, पंखा, वायपर, डिकीतला दिवा. आकडा जिथल्या तिथे. त्याने गाडी दोन रात्री ठेवून घेतली. दोन्ही सकाळी पहिल्या झटक्यात सुरू झाली. "साहेब, गाडी एकदम बराबर छे," तो म्हणाला, आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू बिघाड गाडीत नाही, गिऱ्हाईकात आहे. मी गाडी घरी आणली. सकाळी 'टक'.

आमच्या आळीत मग ज्याला त्याला मेकॅनिकी सुचायला लागली. कुणी म्हणे उंदरांनी वायर कुरतडली. कुणी म्हणे खाऱ्या वाऱ्याने आतून गंज धरलाय. बाबांचे रेल्वेतले एक जुने सोबती अगदी गंभीरपणे म्हणाले, "गाडीला सुतक लागलंय, नारळ फोडा." मी फोडलासुद्धा. मीटर लावून झाला होता, नारळाने काय घोडं मारलं होतं?

एक गोष्ट मात्र तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवी होती. बाबांची अख्खी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली. वायर, बॅटऱ्या, रिले यांतच हा माणूस म्हातारा झाला. घरातला साधा बल्ब मी बदलला तर ते मागून येऊन होल्डर तपासायचे. आणि गाडीची बॅटरी रोज उतरत असताना त्यांनी एकदाही बॉनेट उघडलं नाही. इतिहास शिकवणाऱ्या मुलाला "बघ जरा" म्हणून ते वर्तमानपत्र उघडायचे. पण मला वाटलं, त्यांचंही माझ्यासारखंच झालंय. हात हलत नसेल.

त्याच हिवाळ्यात आमच्याकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले. तलासरी, डहाणूकडची माणसं थंडीत घराबाहेर झोपायला लागली. शाळेत मुलांना बाकाखाली कसं शिरायचं ते शिकवायचो. मोठ्ठा आवाज यायचा, खालून कुणी फळी आपटावी तसा, आणि मग भांडी वाजायची. मला त्याचीही भीती वाटत नव्हती. कौलं पडली तर पडतील, असं वाटायचं.

एका संध्याकाळी असाच धक्का आला. दिवेलागण होऊन गेली होती. आईने तुळशीपुढे दिवा ठेवला होता आणि नेहमीप्रमाणे मागच्या शेडमध्ये जाऊन गाडीला कव्हर घालून आली होती. ते काम पूर्वी भावाचं. समुद्राच्या हवेने पत्रा खराब होतो म्हणून जाड ताडपत्रीचं कव्हर त्यानेच शिवून आणलं होतं. तो गेल्यावर आईने ते काम कुणाला न विचारता स्वतःकडे घेतलं. सकाळी कव्हर बाबा काढायचे, संध्याकाळी आई घालायची.

धक्का बसला तसे आम्ही तिघंही मागच्या दाराने अंगणात आलो. वीज गेली. चिकूच्या झाडांखाली मिट्ट काळोख झाला, आणि त्या काळोखात गाडीच्या कव्हरखाली, मागच्या बाजूला, दोन ठिकाणी तांबूस उजेड दिसत होता. गाडीचे पार्किंगचे दिवे. आमच्या जुन्या गाडीत किल्ली काढून घेतली तरी ते चालू राहत. स्टिअरिंगजवळची दांडी जराशी पिळली की झालं. हे आईला ठाऊक होतं. झाई गावी एका लग्नात असेच ते दिवे राहून गेले होते आणि परतताना वऱ्हाडाने आमची गाडी ढकलली होती. आई किती दिवस ती गोष्ट हसून सांगायची.

मी आईकडे बघितलं. ती उजेडाकडे बघत होती, पदर तोंडाशी घट्ट धरून. आणि बाबा? बाबा दोन पावलं पुढे गेले आणि गाडीकडे पाठ करून आमच्या समोर उभे राहिले. "धक्का गेला," ते म्हणाले. "चला आत. थंडी आहे." मागे एकदाही वळून बघितलं नाही त्यांनी. आई पुटपुटली, "हो, चला," आणि पटकन आत गेली. त्यांनी काही पाहिलं नाही म्हणून तिचा जीव भांड्यात पडला होता.

माझ्या डोक्यात मात्र एक गोष्ट अडकली. दिवे आई लावते, हे कळलं. मग सकाळी मी बघतो तेव्हा ती दांडी बंद कशी असते?

दुसऱ्या दिवशी बाबांच्या आधी उठून मी न्हाणीघराच्या आडोशाला उभा राहिलो. बाबा आले. कव्हर काढून त्याची नीट घडी घातली. दार उघडून आत हात घातला आणि दांडी पिळून दिवे बंद केले. इतक्या सवयीने, की बघितलंसुद्धा नाही तिकडे. मग सीटवर बसले, दोन्ही हात मांडीवर ठेवून थोडे थांबले आणि किल्ली फिरवली. टक.

ते उतरले तेव्हा मी समोर होतो.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"तिला सांगू नकोस."

"पण मग मला रोज बघायला कशाला सांगता?"

"न सांगून कसं चालेल? तिला कळेल ना, मला कळलंय ते." मग गाडीच्या टपावर हात ठेवून ते म्हणाले, "अरे, आज जायचं नाही असं मला नाही म्हणता येत. तो तिथे आहे असं वाटतं. पण गाडीच सुरू झाली नाही, तर मी तरी काय करणार?"

एवढं बोलून ते आत गेले. किल्ली खिळ्याला लावल्याचा आवाज आला, आणि "आजही नाही" हे शब्दही, रोजच्याच सुरात. आईने "चहा ठेवलाय" म्हटलं, तेही रोजच्याच सुरात. मी शाळेत गेलो, अकबराचं धोरण शिकवलं, परत आलो. इलेक्ट्रिशियनला सांगितलं की फॉल्ट मिळाला. कुठे होता विचारलं तर म्हटलं, घरचाच होता.

पुढे जानेवारीत आईला ताप भरला. दोन दिवस ती अंथरुणातून उठलीच नाही. पहिल्या दिवशी तिच्या धावपळीत गाडी तशीच उतरलेली राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ती सुरू करून फिरवून आणली होती, कारण ते सोंग मलाही चालू ठेवावं लागत होतं. म्हणजे बॅटरी भरलेली होती. संध्याकाळ झाली तशी आई सारखी उठू बघायला लागली. "कव्हर घालायचं राहिलंय," एवढंच म्हणत होती. मी म्हटलं, मी घालतो. तर म्हणाली, "तुला नाही जमायचं." मी तिला कसं सांगणार होतो, की जमेल?

मी उठायच्या आधीच बाबा उठले. मागचं दार उघडून ते अंगणात गेले. मी खिडकीपाशी होतो. त्यांनी गाडीचं दार उघडलं, आत वाकले आणि दांडी पिळली. मागचे दोन दिवे तांबडे झाले. ते जरा वेळ तिथेच उभे राहिले, हायवे ज्या दिशेला आहे तिकडे तोंड करून. मग त्यांनी गाडीवर कव्हर ओढलं, कोपरे खाली खेचले, दोऱ्या बांधल्या.

आत येऊन ते आईच्या उशाशी बसले. "घातलं कव्हर," म्हणाले.

आईने डोळे उघडले. "नीट घातलंत ना?"

"हो," बाबा म्हणाले. "तू घालतेस तसंच."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने त्यांचा हात ओढून आपल्या तापलेल्या कपाळावर ठेवला आणि डोळे मिटले. मी दारात उभा होतो आणि मला त्या दोघांचा हेवा वाटला. भाऊ गेल्यापासून मला वाटलेली ती पहिली गोष्ट. मग भाऊ आठवला, खरोखरचा, कव्हर शिवून आणलं त्या दिवशीचा, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन, ओट्याला धरून, त्यांना ऐकू जाणार नाही असा रडलो.