गुरुवारचं श्राद्ध, बुधवारची तारीख

टावर चौकात एका चष्म्याच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. चार माणसं, चार टेबलं आणि एक वेबसाइट. परदेशात राहणाऱ्या लोकांना त्या वेबसाइटवरून उज्जैनच्या गुरुजींकडे पूजा किंवा श्राद्ध ठरवता येतं. गुरुजी इथे शिप्रेच्या घाटावर बसतात, समोर मोबाइल लावलेला असतो आणि घरची मंडळी तिकडून संकल्प सोडतात. या वेबसाइटचं बहुतेक कोडिंग मी केलंय. त्या सकाळपर्यंत मला त्याचा जरा जास्तच अभिमान होता.

बुधवार होता. नऊ वाजून गेले होते आणि मी जिना चढतच होते, तेवढ्यात फोन आला. कॅलिफोर्नियातून एक बाई बोलत होत्या. माहेर उज्जैनचंच, त्यामुळे मराठी अगदी आपल्यासारखं, मधे मधे हिंदी येणारं. आईचं वर्षश्राद्ध होतं. भाऊ त्यासाठी दुसऱ्या शहरातून विमानाने त्यांच्याकडे आला होता. दोघं अंघोळ करून, पाट मांडून बसले होते आणि स्क्रीनवर कोणीच नव्हतं.

मी कॉम्प्युटर उघडला. श्राद्ध गुरुवारी सकाळी नऊला होतं. मी त्यांना सांगितलं, "ताई, तुमचं उद्या आहे." मनात म्हटलं, यांनीच दिवस चुकीचा वाचला.

त्या शांतपणे म्हणाल्या, "मी तुम्हाला वेबसाइटच्या पानाचा फोटो पाठवते. बघून घ्या."

फोटोत स्वच्छ बुधवार लिहिलेलं होतं. तेच बुकिंग, तेच पान. त्यांनी उज्जैनचा बुधवार सकाळी नऊ म्हणजे तिकडचा मंगळवार संध्याकाळी साडेआठ असा बरोबर हिशोब करून पाट मांडला होता. मी माझ्या कॉम्प्युटरचा टाइम झोन बदलून कॅलिफोर्नियाचा केला आणि पान पुन्हा उघडलं. माझ्या डोळ्यांदेखत गुरुवारचा बुधवार झाला.

चूक माझीच होती, आणि साधी होती. नुसत्या दिवसाला वेळ नसते, पण मी दिवस साठवताना त्याच्याबरोबर वेळही साठवली होती, रात्रीचे बारा. उज्जैनमध्ये गुरुवार लागतो तेव्हा कॅलिफोर्नियात बुधवारचे सकाळचे साडेअकरा झालेले असतात. पान बिचारं तिथला दिवस दाखवत होतं. नऊची वेळ मात्र वेगळी, नुसती अक्षरं म्हणून लिहिलेली, ती जिथल्या तिथे राहिली. आम्ही सगळे उज्जैनमध्ये बसून तपासायचो, त्यामुळे कोणाला काही दिसलंच नव्हतं.

मी त्यांना परत फोन लावला आणि सांगितलं की तुम्ही बरोबर वाचलंत, मी चुकीचं दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, "तिथी कधीची आहे?"

गुरुजींना विचारलं. तिथी गुरुवारचीच होती. म्हणजे श्राद्ध चुकलं नव्हतं, माणसं एक दिवस आधी बसली होती. भावाने परतीचं तिकीट पुढे ढकललं. गुरुवारी सकाळी मी स्वतः घाटावर गेले आणि सगळं संपेपर्यंत मोबाइल हातात धरून उभी राहिले. तर्पण झाल्यावर त्या भावाने मला नमस्कार केला. मला तो घेववेना.

आमच्या सरांचं म्हणणं होतं, "चुपचाप ठीक कर दो, किसी को पता नहीं चलेगा." मी म्हटलं, "पता उनको चलेगा सर, जो कोरी स्क्रीन के सामने बैठेंगे." ते म्हणाले, कर. पुढची सगळी बुकिंगं मी एकेक करून काढली आणि ज्यांना चुकीचा दिवस दिसत होता त्या प्रत्येक घरी फोन केला. काही रागावले. एका आजोबांनी मात्र माझंच सांत्वन केलं.

दुरुस्ती करताना दाखवायचं कसं यावर मी अडले होते. नानाखेड्याला घरी जेवताना बाबांना सगळं सांगितलं. बाबा रेल्वेत, आयुष्यभर चौकशीच्या खिडकीत बसलेले. ते म्हणाले, रात्री बारा वाजून दहा मिनिटांच्या गाडीला लोक हमखास एक दिवस उशिरा यायचे. तारीख तिकिटावर बरोबर असायची, तरी यायचे.

"मग तुम्ही काय करायचात?"

"मी तारीख सांगायचोच नाही नुसती. मंगळवारी रात्री जेवून घरातून निघा, गाडी बुधवारची आहे, असं सांगायचो. माणसाला त्याचा दिवस सांगावा आणि गाडीचाही."

दुसऱ्या दिवशी मी तसंच लिहिलं. आता पानावर दोन ओळी येतात. वर, उज्जैनमध्ये गुरुवार, सकाळी नऊ. खाली, तुमच्या गावी बुधवार, संध्याकाळी साडेआठ. नुसता दिवस असेल तिथे दिवसच साठवतो, बारा वाजवत नाही. ऑफिसात माझ्याबरोबर कोडिंग करणाऱ्या जोडीदाराचं म्हणणं होतं की सरळ साडेबारा तास वजा करून टाकू, काम संपेल. मी ऐकलं नाही. तिकडे हिवाळ्याआधी घड्याळं एक तास मागे करतात, म्हणून तास नाही, गावाचा टाइम झोन साठवायचा आणि हिशोब त्यावरून करायचा, असा हट्ट धरला. त्यात आणखी एक आठवडा गेला.

नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं मागे गेली. त्या सोमवारी मी ऑफिसला लवकर आले आणि फोन समोर ठेवून बसले. कॅलिफोर्नियातल्या एका घरची सत्यनारायणाची पूजा नऊला होती. पानावर त्यांच्यासाठी साडेआठचे साडेसात आपोआप झाले होते. नऊला दोन मिनिटं असताना स्क्रीनवर एकेक चेहरा यायला लागला, आजी, सून, सोवळं नेसलेला मुलगा. गुरुजींनी नाव-गोत्र विचारलं. फोन वाजला नाही.

मी जोडीदाराला "बघ, सांगितलं होतं" असं म्हटलं नाही. खाली जाऊन सगळ्यांसाठी पोहे-जलेबी घेऊन आले, आणि सरांनी विचारलं काय विशेष, तेव्हा म्हटलं, काही नाही, आज सगळे वेळेवर आले.